सर्व्हेची मेल आली आहे? बटण दाबण्याआधी हे वाचा

सप्टेंबर उजाडला की कंपनीच्या वार्षिक कर्मचारी सर्व्हेची ती मेल येते. ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे’, खाली निळं बटण, ‘फक्त पंधरा मिनिटं लागतील’. मग शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी ग्रुपवर मॅनेजरचा मेसेज पडतो: ‘आपली टीम अजून चाळीस टक्क्यांवरच आहे, प्लीज आज संपवून टाका.’ नवीन लागलेली मुलं शेजारच्याला हळूच विचारतात, खरं लिहायचं का रे? शेजारचा म्हणतो, सगळीकडे पाचपैकी चार टाक आणि मोकळा हो.

मी हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत तेरा वर्षं आहे. पहिली काही वर्षं मीही सगळीकडे चार टाकले. मग एकदा रागाच्या भरात सगळं लिहून बसलो आणि पकडला गेलो. गेली चार वर्षं टीम लीड म्हणून माझ्या टीमचा रिपोर्ट माझ्याकडे येतो, त्यामुळे खिडकीच्या आतलं आणि बाहेरचं दोन्ही बघून झालंय.

पकडला गेलो ते असं. शेवटी जो मोकळा रकाना असतो, त्यात मी लिहिलं होतं की रोज सासवडहून दोन तास प्रवास करून नऊच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, पोचायचं आणि तिथे मॅनेजरच वीस मिनिटं उशिरा येणार. निकाल लागल्यावर पुढच्याच वन-ऑन-वनला, म्हणजे दोघांच्याच मीटिंगला, त्यांनी लॅपटॉप मिटला, चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, “काय रे, दिवे घाटात हल्ली फार ट्रॅफिक असतं का?” बस, एवढंच. आमच्या अख्ख्या मजल्यावर सासवडहून येणारा मी एकटा. त्यांनी पुढे काहीही केलं नाही, पण त्या अर्ध्या तासात नंतर काय बोलणं झालं ते मला आजही आठवत नाही.

तेव्हा खरं जरूर लिहा. फक्त ते कोण वाचणार आहे आणि वाचल्यावर त्याला सोमवारी सकाळी नेमकं काय करता येणार आहे, एवढं डोक्यात ठेवून लिहा. खालचे टप्पे त्यासाठी.

आधी हाताशी काय हवं

- कंपनीची आचारसंहिता, तक्रार निवारणाचं धोरण आणि व्हिसल-ब्लोअर धोरण, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यासाठीचं. तिन्ही इंट्रानेटवर असतात, एचआरच्या पानावर तीन-चार क्लिक आत.
- तुमच्या ऑफिसच्या अंतर्गत समितीतल्या, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीतल्या, सदस्यांची नावं. ही ऑफिसात ठळक जागी लावलेली असणं अपेक्षित आहे. आमच्याकडे ती कॅन्टीनच्या वाटेवर लिफ्टशेजारी आहेत.
- सर्व्हेच्या मेलसोबत आलेली प्रश्नोत्तरं. ती कोणी उघडत नाही. तुम्ही उघडा.
- गेल्या वर्षीच्या सर्व्हेनंतर जाहीर झालेला ॲक्शन प्लॅन.
- एक कागदाची वही.
- कंपनी शेअर बाजारात असेल तर तिचा वार्षिक अहवाल.

शेवटची वस्तू बघून बरेच जण बुचकळ्यात पडतात. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला आहे; तो वार्षिक अहवालातच असतो. त्यात गेल्या तीन वर्षांत किती टक्के लोक नोकरी सोडून गेले, पुरुष किती, महिला किती, कामाच्या परिस्थितीबद्दल किती तक्रारी आल्या, त्यांतल्या किती वर्षअखेर पडून होत्या, लैंगिक छळाच्या किती, हे सगळं छापलेलं असतं. टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, ‘आपल्याकडे लोक टिकतात’ असं ऐकलं की मी हे पान उघडतो. नोकरीला लागून नऊ वर्षं झाल्यावर मला याचा पत्ता लागला, तुम्ही पहिल्याच वर्षी वाचा.

१. आधी दार ओळखा

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. माणूस सर्व्हेत असं काही लिहितो जे सर्व्हेत लिहायचंच नसतं, आणि मग महिनोन्‌महिने वाट बघतो की कोणीतरी विचारायला येईल. सर्व्हे म्हणजे जत्रेतला पाळणा, त्यात सगळ्यांना एकत्र बसवून फिरवतात. तुमच्या एकट्याच्या तक्रारीचा पाठपुरावा तिथे होत नाही.

लैंगिक छळ असेल तर सर्व्हे, मॅनेजर, एचआरची गोड बोलणारी मैत्रीण हे सगळं बाजूला ठेवा आणि अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात ही समिती असावीच लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. मुदत लक्षात ठेवा: घटना घडल्यापासून, आणि प्रकार सलग चालू असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. हा कायदा महिलांसाठी आहे, पण बऱ्याच मोठ्या कंपन्यांचं स्वतःचं धोरण सगळ्यांना लागू असतं, म्हणून पुरुषांनीही ते वाचावं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

पैशांचा घोळ, खोटी बिलं, क्लायंटला दाखवायचे बनावट टाइमशीट, लाच असला मामला असेल तर व्हिसल-ब्लोअरचं दार. कंपनी कायदा २०१३च्या कलम १७७ प्रमाणे प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला अशी व्यवस्था ठेवावी लागते, तक्रारदाराला त्रास होऊ नये याची तरतूद करावी लागते, आणि तसाच प्रसंग असेल तर थेट ऑडिट कमिटीच्या, म्हणजे संचालक मंडळाच्या हिशेब बघणाऱ्या समितीच्या, अध्यक्षापर्यंत जाता येतं.

पगार चुकला, रजा कापली, कॅब आली नाही, हे हेल्पडेस्कचं तिकीट. तिकिटाचा नंबर वहीत लिहा.

मग सर्व्हेत काय राहिलं? रोजच्या कामाची तऱ्हा. मीटिंगा कशा होतात, निर्णय कोण घेतो आणि कधी सांगतो, चूक झाली की काय होतं, शाबासकी कोणाच्या वाट्याला जाते, रात्रीचे कॉल, रविवारचे मेसेज. जे एका माणसापुरतं नाही आणि गुन्हाही नाही, तरी रोज सकाळी पाय जड करतं, ते इथे लिहायचं.

२. नाव कळतं का, याचं खरं उत्तर

मेलमध्ये कोणता शब्द आहे ते नीट बघा. ‘अनॉनिमस’ म्हणजे तुमचं उत्तर तुमच्याशी जोडलेलंच नाही. ‘कॉन्फिडेन्शिअल’ म्हणजे जोडलेलं आहे, फक्त ते मॅनेजरला दाखवलं जात नाही. मोठ्या कंपन्यांत बहुतेक वेळा दुसरा प्रकार असतो. तुम्हाला आलेली लिंक तुमच्यापुरतीच असते, आणि त्या लिंकमागे विभाग, लोकेशन, ग्रेड, किती वर्षं झाली, ही माहिती आधीच भरलेली असते. म्हणून तर सर्व्हे तुमचं डिपार्टमेंट विचारत नाही आणि तरी विभागवार रिपोर्ट निघतो. लिंक कोणाला फॉरवर्ड करू नका आणि कोणाच्या लिंकवरून आपला सर्व्हे भरू नका.

सर्व्हे घेणारी कंपनी सहसा बाहेरची असते आणि ती एक किमान संख्या ठरवते. एखाद्या गटात तेवढी उत्तरं आली नाहीत तर त्या गटाचा रिपोर्ट निघतच नाही. ही संख्या पाच, आठ, दहा अशी काहीही असू शकते, आणि प्रश्नोत्तरांत ती दिलेली असते. लेखी कमेंटसाठी कधी ती वेगळी, जास्त ठेवलेली असते. तेही बघा.

आता यातली फट. समजा, तुमच्या मॅनेजरखाली अकरा जण आहेत आणि त्यांतले आठ एका लीडच्या हाताखाली. अकरांचा रिपोर्ट निघाला, आठांचाही निघाला. आकडेमोड येणाऱ्याला उरलेल्या तिघांचा अंदाज वजाबाकीने काढता येतो. चांगल्या प्रणाली हे ओळखून दुसरा रिपोर्ट रोखतात, सगळ्या रोखत नाहीत. तुम्ही त्या तिघांत असाल तर आकड्यांतही जपून.

पण खरं सांगू? आकड्यांवरून मी आजवर कोणाला ओळखलेलं नाही. भाषेवरून मात्र ओळखतो, आणि ओळखायचं नाही असं ठरवूनही ओळखतो. एक जण प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबं देतो. एकीला ‘बेसिकली’शिवाय सुरुवात करता येत नाही. एकाने ‘आधीच्या कंपनीत असं नव्हतं’ लिहिलं, आणि टीममध्ये बाहेरून आलेला तो एकटाच. तेव्हा कमेंट लिहून झाली की पुन्हा वाचा आणि तुमचं गाव, गाडी, मूल, लग्न, आधीची कंपनी, आवडता शब्द, सगळं काढून टाका. ‘मी’ऐवजी ‘आमच्या टीममध्ये’ लिहिलं की निम्मं काम होतं.

३. वही

सर्व्हेच्या दिवशी आठवतं ते फक्त गेल्या पंधरवड्यातलं. परवा बॉस गोड बोलले असतील तर सगळीकडे चार-पाच, परवा खडसावलं असेल तर एक-दोन. म्हणून सर्व्हेच्या दोन महिने आधीपासून रोज घरी गेल्यावर दोन ओळी लिहायच्या: तारीख, काय झालं, त्याचा कामावर परिणाम. ‘सर नेहमी ओरडतात’ असं नाही. ‘१२ ऑगस्ट, रिलीज रिव्ह्यू, चौदा जणांसमोर एकाला नावाने बोलले. त्यानंतर कोणी प्रश्न विचारला नाही.’

सापळा: पुरावा म्हणून ऑफिसच्या मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, स्क्रीनचे फोटो काढू नका. त्यात क्लायंटचं एक नाव जरी असलं तरी विषय तुमच्या तक्रारीवरून उडून तुमच्यावर येतो, आणि मग तुमची बाजू ऐकायला कोणी उरत नाही. लपून रेकॉर्डिंगही नको. आमच्या आचारसंहितेत त्याला स्पष्ट मनाई आहे, तुमच्याही बघा. म्हणूनच कागदाची वही म्हणालो. तीत प्रसंग लिहा, क्लायंटचा डेटा नको.

४. आकड्यांचे प्रश्न

‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच गोळे, ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली आणि ती अजून सुटलेली नाही. रिपोर्टमध्ये बहुधा चार आणि पाच एकत्र करून ‘अनुकूल’ म्हणून मोजतात. म्हणजे नाखुशीने दिलेला चार आणि मनापासून दिलेला पाच यांचं वजन सारखंच. ‘कशाला वाईटपणा’ म्हणून टाकलेले चार वर जाऊन ‘८४ टक्के कर्मचारी समाधानी’ अशी स्लाइड होतात, आणि पुढच्या वर्षी तुमचीच तक्रार ऐकून एचआर म्हणतं, पण डेटा तर असं सांगत नाही.

दुसरा प्रश्न शून्य ते दहाचा: ही कंपनी तुम्ही मित्राला सुचवाल का? इथे आपली मराठी मार्कशीट नडते. दहापैकी सहा म्हणजे आपल्याला फर्स्ट क्लास, साडेसात म्हणजे डिस्टिंक्शन. या मोजणीत मात्र शून्य ते सहा देणारे सगळे ‘नाराज’, सात-आठवाले कुठल्याच बाजूला धरत नाहीत, आणि फक्त नऊ-दहावाले ‘पाठीराखे’. पाठीराख्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की गुण निघतो. वीस जणांच्या टीममध्ये सहा जणांनी नऊ-दहा दिले, नऊ जणांनी सात-आठ आणि पाच जणांनी सहा किंवा कमी, तर ३० वजा २५, गुण पाच. आमच्याकडे एका मुलीने ‘ठीक आहे, सहा देते’ म्हणून दिले होते. आपण नाराजांत मोजले गेलो हे कळल्यावर तिलाच धक्का बसला.

प्रश्न तुम्हाला लागूच नसेल तर ‘लागू नाही’ निवडा. तो पर्याय नसेल तर रिकामा सोडा. मधला तीन हा ‘माहीत नाही’चा पर्याय नव्हे.

५. मोकळा रकाना

इथे वेळ द्या. सगळी पंधरा मिनिटं इथे गेली तरी चालेल.

वर जे वाचतात त्यांच्यासमोर अशा शेकडो कमेंट असतात. ‘इथे माणसांना किंमत नाही’, ‘मॅनेजमेंट नुसतं बोलतं’, ‘वर्क-लाइफ बॅलन्स शून्य’. तिन्ही वाक्यं खरी असू शकतात. वाचणारा मान डोलावतो आणि पुढच्या ओळीवर जातो, कारण त्यावर करायचं काय हे त्याला कळत नाही.

आमच्या टीमचं उदाहरण देतो. क्लायंट शिकागोचा. तिकडे सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि कॉल रोज ठरलेला, काही दिवस रद्द व्हायचा. दोन वर्षं आम्ही ‘बॅलन्स शून्य’ लिहीत होतो, काही हललं नाही. मग टीममधल्या एका मुलीने सहा आठवडे वही ठेवली, आणि तिच्या परवानगीने आम्ही चौघांनी तेच आपापल्या शब्दांत लिहिलं. मजकूर साधारण असा:

‘गेल्या सहा आठवड्यांत कामाच्या ३० दिवसांपैकी १९ दिवस रात्री ९ नंतर कॉल झाला. त्यांतल्या ११ कॉलमध्ये आमच्या टीममधल्या कोणालाही बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशीचा स्टँडअप सकाळी नऊलाच असतो. स्टेटस लेखी पाठवून कॉल आठवड्यातून दोनदाच ठेवता येईल का? तेही शिकागोच्या सकाळी आठला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला?’

यात कोणाला शिव्या नाहीत आणि विशेषणही नाही. डिलिव्हरी हेडने, म्हणजे क्लायंटचं काम पोचवण्याची जबाबदारी असलेल्या वरिष्ठाने, तो मजकूर जसाच्या तसा क्लायंटसमोर मांडला, कारण मांडता येण्यासारखा होता. चार महिने लागले. आठवड्याला पाचऐवजी तीन कॉल ठरले, मागितले होते तसे दोन नाही. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली की साडेसहाचा कॉल साडेसातवर सरकतो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि पहिल्या हिवाळ्यात पुन्हा कुरकुर झाली. पण रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर व्हायला लागलं.

नेतृत्वाबद्दल लिहिणं याहून अवघड. माणसाचा स्वभाव लिहिण्याचा मोह होतो: उद्धट आहेत, पक्षपाती आहेत, काही येत नाही. स्वभावावर ॲक्शन प्लॅन निघत नाही. वागणं लिहा आणि त्याची कामाला बसलेली किंमत लिहा. ‘रिव्ह्यूमध्ये चूक निघाली की सगळ्यांसमोर नाव घेतलं जातं. त्यामुळे चुका शेवटपर्यंत सांगितल्या जात नाहीत. ऑगस्टच्या रिलीजमध्ये जो दोष निघाला तो टीममध्ये दोन दिवस आधी माहीत होता.’ हे वाक्य वाचून वरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो, कारण त्यात त्याचा पैसा आहे.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीम अभ्यासल्या तेव्हा त्यांना उलटंच दिसलं: चांगलं नेतृत्व असलेल्या टीमच्या नावावर औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या. चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथे त्या बोलून दाखवायला लोक घाबरत नव्हते. आमच्या रिव्ह्यूच्या खोलीत एकही चूक निघाली नाही की मला हे आठवतं आणि पोटात गोळा येतो.

चांगलं काही असेल तर तेही तितक्याच नेमकेपणाने लिहा. ‘सहकारी छान आहेत’ याचा कोणालाच उपयोग नाही. ‘नवीन आलेल्याला पहिले दोन महिने एक जोडीदार देतात, त्यामुळे प्रश्न विचारायला माणूस असतो’ असं लिहिलं तर तो जोडीदार खर्चकपातीत जात नाही.

आणि एक. आपल्या सगळ्या कमेंट इंग्रजीतच जातात. मी आधी मराठीत लिहितो, मग इंग्रजीत नेतो. इंग्रजीत थेट लिहायला गेलो की ‘लॅक ऑफ ट्रान्सपरन्सी’सारखे तयार शब्द हाताला लागतात आणि मला काय म्हणायचं होतं तेच निसटतं. मराठीत लिहिलं की ‘प्रमोशन कोणाला मिळालं ते आम्हाला लिंक्डइनवरून कळलं’ असं येतं.

६. समोरासमोर: स्किप-लेव्हल आणि टाउनहॉल

स्किप-लेव्हल म्हणजे तुमच्या बॉसच्या बॉसबरोबरची बैठक. नवीन माणसाला ही सुवर्णसंधी वाटते. तिथे बॉसची तक्रार करू नका. निदान पहिल्या भेटीत नाही. तुम्ही बाहेर पडायच्या आत बॉसना पत्ता लागतो.

एकच विषय न्या. माझ्या टीममधली एक मुलगी, नोकरीला जेमतेम आठ महिने, डिलिव्हरी हेड मॅडमसमोर बसली होती. मॅडम म्हणाल्या, “बोल, काही अडचण?” ती म्हणाली, “मॅडम, तक्रार नाहीये. एकच विचारायचं होतं. अप्रेझलमध्ये मला ‘मीट्स’ मिळालं. ‘एक्सीड्स’ मिळायला काय वेगळं करायला हवं होतं, हे कुठे लिहिलेलं आहे का?” (‘मीट्स’ म्हणजे अपेक्षेइतकं, ‘एक्सीड्स’ म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त.) मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “लिहिलेलं नाहीये गं. असायला हवं.” पुढच्या तिमाहीत प्रत्येक ग्रेडसाठी एक पानी यादी आली. फार भारी नाही, पण आली. बेल कर्व्ह, म्हणजे ठरावीक टक्क्यांनाच वरची श्रेणी द्यायची पद्धत, काही गेली नाही, ती मॅडमच्या हातातही नव्हती.

टाउनहॉलमध्ये प्रश्न आधी लेखी मागवतात आणि गाळून घेतात. गाळणीतून जायचा प्रश्न छोटा असतो आणि उत्तर हो-नाही किंवा तारीख यात देता येतं. ‘संस्कृती सुधारायला आपण काय करतो आहोत?’ विचारलं की दहा मिनिटांचं भाषण मिळतं. ‘गेल्या वर्षीच्या प्लॅनमधलं शिफ्ट भत्त्याचं काम कोणत्या महिन्यात संपेल?’ विचारलं की तारीख तरी सांगावी लागते. आणि ती तारीख वहीत.

७. निकाल लागल्यावर

साधारण दोन-तीन महिन्यांनी मॅनेजर टीमला बसवून रिपोर्ट दाखवतो. दाखवला नाही तर मागा; मागायला काहीच हरकत नाही. त्या मीटिंगमध्ये ‘हे कोणी लिहिलं?’ असं हसत हसत विचारलं गेलं तर कोणी हसू नका आणि कोणी उत्तरही देऊ नका.

मग ॲक्शन प्लॅन. आमच्या पहिल्या प्लॅनमध्ये महिन्याला एक पिझ्झा पार्टी आणि ‘फन फ्रायडे’ होता. रात्रीच्या कॉलवर उपाय म्हणून पिझ्झा. प्लॅन ठरताना एवढंच धरून बसा: काम दोन किंवा तीन, प्रत्येकाला एक नाव आणि एक तारीख. बारा कलमी प्लॅन असेल तर त्यातलं काही होणार नाही, हे गृहीत धरा. एखादं काम स्वतःकडे घ्या, सोपं बघून. नवीन माणसाने काम मागितलं की पुढच्या वर्षी त्याचं ऐकून घेतात, हा माझा अनुभव.

८. उलटलं तर

होतं कधी कधी. नाव कळतं, किंवा कळलंय असं वाटतं, आणि वागणं बदलतं. मीटिंगचं आमंत्रण येत नाही, चांगलं काम दुसऱ्याकडे जातं. आधी दोन आठवडे नुसतं टिपा, कारण भीतीपोटी आपल्याला नसलेलंही दिसतं. मला त्या दिवे घाटानंतर सहा महिने प्रत्येक मेल टोमणा वाटायची.

टिपलेलं खरंच साचत गेलं तर वन-ऑन-वनमध्ये शांतपणे विचारा, आणि बाहेर आल्यावर दोन ओळींची मेल टाका: ‘आज बोलल्याप्रमाणे, पुढच्या रिलीजचं टेस्टिंग माझ्याकडे राहील, असं समजतो.’ साधी, गोड, तारखेसकट. अप्रेझलच्या वेळी हीच कामाला येते. त्यानंतर एचआर बिझनेस पार्टनर, म्हणजे तुमच्या विभागासाठी नेमलेली एचआरची व्यक्ती. ती मदत करते, पण तिचा पगार कंपनी देते हे विसरू नका. तिच्याशी बोलताना भावना कमी आणि तारखा जास्त. टीम बदलण्यासाठी अंतर्गत बदलीचं पोर्टल असतं, त्यात किती महिने झाल्यावर अर्ज करता येतो ते आधीच बघून ठेवा. व्हिसल-ब्लोअर किंवा अंतर्गत समितीकडे केलेल्या तक्रारीवरून कोणी त्रास देत असेल तर तीच गोष्ट त्याच दारात पुन्हा लेखी सांगायची. ती वेगळी आणि जास्त गंभीर तक्रार आहे.

९. सोडून जाताना

एक्झिट इंटरव्ह्यूत लोक दोन टोकांना जातात. एक तर ‘वैयक्तिक कारण’, नाहीतर सात वर्षांचं सगळं एका तासात. दुसरं करणार असाल तर थांबा. रिलीव्हिंग लेटर आणि हिशेबाचे पैसे अजून त्यांच्याकडे आहेत, आणि पुढच्या कंपनीची पडताळणी इथेच येणार आहे. कंपन्यांना तारे देणाऱ्या साइटवर लिहायचं असेल तर पैसे हातात पडल्यावर, माणसांची आणि क्लायंटची नावं न घेता, आणि ऑफर लेटरमधलं गोपनीयतेचं कलम एकदा वाचून.

पण एक खरी गोष्ट तिथे सांगून जा. दोन वर्षांपूर्वी माझ्या टीममधला एक मुलगा गेला. मला वाटायचं, आमचं छान जमतं. महिन्याभराने एचआरने मला त्याचा फॉर्म दाखवला, त्याने तसा दाखवायला सांगितला होता. माझ्याबद्दल एकच ओळ होती: ‘काम देताना दादा म्हणतो, सोपं आहे हे. मग अडलं तर विचारायची लाज वाटते.’

मी दोन दिवस चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी मोजलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार वेळा म्हणून झालं होतं. मग टीमला सांगून टाकलं की माझ्या तोंडून ‘सोपं आहे’ आलं की हात वर करायचा. परवाच्या प्लॅनिंगमध्ये तीन हात वर गेले, त्यांतला एक गेल्या महिन्यात लागलेल्या फ्रेशरचा होता.